अजिंठ्याचे राखणदार : गुलाम याझदानी

हातात निळे कमळ धरून डोळे मिटल्यासारखा उभा असलेला अजिंठ्याचा पद्मपाणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला आहे. कुणी कॅलेंडरवर, कुणी शाळेच्या पुस्तकात, तर कुणी भारतयात्रेत प्रत्यक्ष पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात. महाराष्ट्राचे नाव जगात ज्या थोड्या गोष्टींमुळे घेतले जाते त्यांत अजिंठा अगदी वर आहे. तो कोरणारे आणि रंगवणारे हात दीड-दोन हजार वर्षांपूर्वीचे. पण मधल्या काळात तो नाहीसा का झाला नाही, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर शोधू लागले की एका माणसाचे नाव पुन्हा पुन्हा समोर येते. ते म्हणजे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे पहिले संचालक गुलाम याझदानी.

याझदानी मराठी नव्हते. २२ मार्च १८८५ रोजी दिल्लीत त्यांचा जन्म झाला. फारसी आणि अरबी या त्यांच्या अभ्यासाच्या भाषा. त्या शिकवतच त्यांनी आयुष्याची सुरुवात केली. दगडांशी त्यांचे नाते जुळले ते शिलालेखांमुळे. मशिदी, दर्गे आणि किल्ल्यांचे दरवाजे यांवरचे अरबी-फारसी लेख वाचून ते छापण्यासाठी भारत सरकारचे एक नियतकालिक होते. योसेफ होरोविट्झ या जर्मन पंडितानंतर १९१३ साली त्याचे संपादन तरुण याझदानींकडे आले आणि पुढे १९४० पर्यंत ते त्यांनीच केले. झिजलेल्या दगडावरचे एकेक अक्षर धीराने लावायचे आणि जे दिसत नाही ते दिसले असे म्हणायचे नाही, ही शिस्त त्यांना या कामाने लावली.

१९१४ साली निजामाच्या हैदराबाद संस्थानात स्वतंत्र पुरातत्त्व खाते सुरू झाले. त्याच्या प्रमुखपदी याझदानींची नेमणूक झाली तेव्हा त्यांचे वय २९ वर्षांचे होते. हैदराबाद संस्थान म्हणजे आजच्या तेलंगणाबरोबर कर्नाटकाचा ईशान्य भाग आणि आपला मराठवाडा. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, पैठण, बीदर, गुलबर्गा, वरंगळ असा सारा खजिना एका खात्याच्या हाती आला होता. कुठे बौद्ध लेणी, कुठे शैव मंदिर, कुठे बहमनी सुलतानांची मदरसा. याझदानींनी त्यांत आपले-परके केले नाही. त्यांच्या कारकिर्दीतल्या खात्याच्या ग्रंथमालेचे पहिलेच पुस्तक मस्की येथे १९१५ साली सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखावर होते. अशोकाचे प्रत्यक्ष नाव असलेला हाच पहिला लेख. पालमपेठच्या रामप्पा मंदिरावर याझदानींनी १९२२ साली पुस्तिका लिहिली. तेच मंदिर पुढे २०२१ साली जागतिक वारसा यादीत गेले.

पण सर्वांत मोठी जबाबदारी आणि सर्वांत मोठी काळजी होती ती अजिंठ्याची.

औरंगाबादपासून सुमारे १०० किलोमीटरवर वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर काळ्या कातळात ही लेणी कोरलेली आहेत. सर्वांत जुनी इसवी सनापूर्वीची, बाकीची बहुतेक पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. पुढे वस्ती उठली, रान माजले. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा अधिकारी जॉन स्मिथ शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचला. दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर त्याने आपले नाव आणि तारीख कोरली. बाहेरच्या जगाला अजिंठा सापडला तो असा, आणि त्याला पहिला नवा ओरखडा पडला तोही त्याच हाताने.

तेथून पुढची शंभर वर्षे अजिंठ्याला फार महागात गेली. वटवाघळांची वस्ती होती, पावसाचे पाणी झिरपत होते, गोसाव्यांच्या आणि वाटसरूंच्या चुलींचा धूर भिंतींवर बसला होता. त्यात कौतुकाने येणाऱ्यांची भर पडली. कुणी आठवण म्हणून चित्राचा तुकडा खरवडून नेला, कुणी संग्रहालयासाठी आकृत्या सोलून काढायला गेला आणि हाती भुकटी आली. सोळाव्या लेण्यातला असाच एक तुकडा १९२२ साली लंडनच्या लिलावात विकला गेला आणि बॉस्टनच्या संग्रहालयात जाऊन बसला.

चांगल्या मनाने आलेल्यांचीही कहाणी दुःखाचीच आहे. चित्रे टिकणार नाहीत, तर निदान त्यांच्या नकला तरी उतरवून ठेवाव्यात असा विचार झाला. कंपनी सरकारच्या वतीने रॉबर्ट गिल हा लष्करी अधिकारी १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्यात राहून चित्रे उतरवत होता. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेल्या त्याच्या चित्रांपैकी बहुतेक १८६६ च्या आगीत जळाली. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून तेच काम नव्याने केले. त्यांतलीही अनेक चित्रे १८८५ साली लंडनच्याच संग्रहालयातल्या आगीत गेली. पुढे १९०९ ते १९११ च्या हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार आणि हैदराबादचे सय्यद अहमद यांच्यासारखे तरुण चित्रकार होते. त्यानंतर जपानी चित्रकार अराई कांपो आणि त्यांचे सहकारी येऊन गेले. त्यांनी टोकियोला नेलेल्या नकला १९२३ च्या महाभूकंपात नष्ट झाल्या. नकलांवर भरवसा ठेवता येत नाही, हे अजिंठ्याने तीनदा शिकवले. एवढेच नव्हे, रंग नीट दिसावेत म्हणून काही चित्रकारांनी मूळ भिंतींवर व्हार्निश फासले होते आणि त्याने चित्रे अधिकच काळवंडली होती.

याझदानींनी नेमके उलटे धोरण धरले. नकला होत राहोत, पण आधी मूळ भिंत वाचली पाहिजे. प्रश्न एवढाच होता की वाचवायची कशी.

अजिंठ्याची चित्रे ज्या पद्धतीने काढली आहेत ती समजली की त्यांची अडचण कळते. कातळाच्या खडबडीत भिंतीवर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा. आपल्या कोकणातल्या घरांच्या भिंती आणि जमिनी ज्या हातांनी सारवल्या गेल्या, त्यांना हे मिश्रण अनोळखी वाटू नये. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. पिवळी आणि तांबडी गेरूची माती, काजळी, चुना, हिरवी माती, हे सारे जवळपासचे. फक्त गर्द निळ्या रंगाचा दगड अफगाणिस्तानच्या डोंगरांतून आलेला. म्हणजे अजिंठा घडला तेव्हाही त्यात दूरदेशीचा हात होताच. असा गिलावा ओल धरला की फुगतो, किडे त्यातले तंतू खातात, आणि मग चित्राचा पापुद्रा भिंतीपासून सुटून नुसता लोंबकळत राहतो. हात लावावा तर पडतो, न लावावा तरी पडतो.

असे काम जाणणारा माणूस त्या वेळी भारतात मिळण्यासारखा नव्हता. युरोपात भित्तिचित्रे जपण्याचा सर्वांत जुना अनुभव इटलीचा. पहिले महायुद्ध संपल्यावर निजाम सरकारने इटलीहून प्राध्यापक लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहायक काउंट ओर्सिनी यांना बोलावले. खर्च सारा संस्थानाचा. १९२०-२१ आणि १९२१-२२ अशा दोन हिवाळ्यांत हे दोघे अजिंठ्यात राहिले. सुटलेल्या पापुद्र्यांच्या मागे त्यांनी चिकटद्रव्य भरून ते पुन्हा कातळाला बसवले. फुटलेल्या कडा बांधून घेतल्या. भिंतींवरचा धूर, धूळ आणि जुने व्हार्निश जमेल तेथे काढले. शेवटी चित्रांवर लाखेचा, म्हणजे चपड्याचा, पातळ लेप दिला. त्यांच्या हाताखाली खात्याच्या माणसांना काम पाहायला आणि शिकायला मिळाले, कारण पाहुणे दोन हंगामांत परत जाणार होते आणि भिंती मात्र येथेच राहणार होत्या.

आज ही गोष्ट साधी वाटते. त्या काळात ती साधी नव्हती. हैदराबादच्या मुसलमान राजाने, दिल्लीच्या मुसलमान अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, रोमन कॅथलिक देशातले कारागीर आणून, मराठी मुलखातली बौद्ध लेणी दुरुस्त करून घेतली. त्या वेळी युनेस्को नव्हती, जागतिक वारसा हा शब्दही नव्हता. देशोदेशींनी एकमेकांचा वारसा जपावा असा करार कुठे झालेला नव्हता. होती ती फक्त एका अधिकाऱ्याची कळकळ आणि तिला मिळालेला सरकारी पैसा.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. मराठवाड्याच्या लोकांनी निजामी राजवटीत पुष्कळ सोसले. त्यांच्या भाषेला शाळेत आणि कचेरीत मान नव्हता आणि शेवटच्या वर्षांत रझाकारांचा जुलूम झाला. १७ सप्टेंबर १९४८ ला ते मुक्त झाले, तो दिवस आजही तेथे सणासारखा साजरा होतो. हे सारे खरे आहे. आणि त्याच राजवटीच्या एका खात्याने अजिंठा हातून जाऊ दिला नाही, हेही तितकेच खरे आहे. एक सत्य सांगताना दुसरे झाकण्याचे कारण नाही.

भिंत सावरल्यावर याझदानींनी दुसरे मोठे काम हाती घेतले. अजिंठ्याची चित्रे जशी आहेत तशी, रंगांसकट, छापून जगापुढे ठेवायची. हाताने काढलेली नकल कितीही चांगली असली तरी तीत काढणाऱ्याची आवड उतरते. म्हणून छायाचित्रांचा आधार घ्यायचे ठरले आणि त्यासाठी इंग्लंडचे छायाचित्रकार व्हॅसी यांना बोलावले. अंधाऱ्या लेण्यात, त्या काळच्या साधनांनी रंगीत छायाचित्रे घेणे म्हणजे परीक्षाच होती. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने हे ग्रंथ काढले. पहिला भाग १९३० साली आला, त्याला लॉरेन्स बिन्यन या इंग्रज कलापंडिताची प्रस्तावना होती. दुसरा १९३३ साली, तिसरा १९४६ साली आणि चौथा १९५५ साली. प्रत्येक चित्रातली कथा कोणत्या जातकातली, कोणती आकृती कोणाची, कोठे काय पुसले गेले आहे, हे सारे याझदानींनी नीट लिहिले. एका कामाला २५ वर्षे. सुरुवात केली तेव्हा इंग्रजांचे राज्य आणि निजामाचे संस्थान होते. शेवटचा भाग आला तेव्हा भारत प्रजासत्ताक झाला होता, आणि पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, हैदराबाद राज्य विभागले जाऊन मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला.

याच काळात अजिंठ्याचा इतिहास उलगडण्यात एका मराठी पंडिताचा मोठा वाटा होता. देवगड तालुक्यातल्या कुवळे गावी जन्मलेले वासुदेव विष्णू मिराशी हे त्या वेळी नागपुरात होते. सोळाव्या लेण्यातला वाकाटकांचा झिजलेला शिलालेख त्यांनी पुन्हा वाचला, आणि १९४१ साली याझदानींच्याच खात्याच्या ग्रंथमालेत तो प्रसिद्ध झाला. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले, ही गोष्ट त्यातून स्पष्ट झाली. ज्या कोकणपट्टीतून आपले पूर्वज जहाजावर चढले, तिथल्याच एका गावच्या मुलाने अजिंठ्याला त्याच्या यजमानाचे नाव परत मिळवून दिले.

याझदानींची इतर कामेही लहान नव्हती. मांडूवरचे त्यांचे पुस्तक १९२९ साली आले, बीदरवरचा मोठा ग्रंथ १९४७ साली. कोपबळजवळ अशोकाचे आणखी दोन लेख उजेडात आले ते त्यांच्याच कारकिर्दीत, आणि ते वाचण्याचे काम लंडनचे भाषापंडित टर्नर यांच्याकडे त्यांनी सोपवले. ज्याला जे उत्तम येते त्याला ते काम द्यायचे, मग तो कोणत्याही देशाचा वा धर्माचा असो, ही त्यांची रीत शेवटपर्यंत राहिली. १९४३ साली ते निवृत्त झाले, पण लेखणी थांबली नाही. दख्खनच्या प्राचीन इतिहासाचे दोन मोठे खंड त्यांच्या संपादनाखाली १९६० साली निघाले. त्यांत राष्ट्रकूटांवरचे प्रकरण अ. स. आळतेकर यांचे होते आणि कलेवरचे खुद्द याझदानींचे. इंग्रज सरकारने त्यांना १९३६ साली ओ. बी. ई. हा किताब दिला होता, आणि स्वतंत्र भारताने १९५९ साली पद्मभूषण दिले. दोन्ही राजवटींनी एकाच माणसाला एकाच कामासाठी मान द्यावा, असे फार थोड्यांच्या वाट्याला आले. १९६२ साली त्यांचे निधन झाले.

याझदानींचे चरित्र येथेच थांबवले तर ते गोड होईल, पण पुरे होणार नाही.

इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर दिलेला लाखेचा लेप सुरुवातीला सुंदर दिसला. फिकट झालेले रंग उजळले, आणि कामाचे कौतुक झाले. पण लाख वर्षानुवर्षे तशीच राहत नाही. ती हळूहळू पिवळी आणि मग तपकिरी होत गेली. तिच्यावर धूळ आणि काजळी बसू लागली. निळा रंग हिरवट दिसू लागला, पांढरा मातकट. गेल्या काही पिढ्यांनी अजिंठ्याची जी पिवळट, धूसर चित्रे पाहिली आणि तोच मूळ रंग समजला, त्यात या लेपाचा मोठा वाटा होता. चित्र वाचवण्यासाठी घातलेले पांघरूणच चित्राला झाकू लागले होते.

यात दोष कोणाचा? चेक्कोनी यांनी त्या काळी मान्य असलेले द्रव्य वापरले. याझदानींनी त्या काळच्या उत्तम जाणकारांवर विश्वास ठेवला. त्यांनी हात बांधून वाट पाहिली असती तर लोंबकळणारे कितीतरी पापुद्रे पुढच्या पावसाळ्यांत खाली आले असते आणि आज लेप काढायला चित्रच उरले नसते. गेलेला गिलावा कोणालाही परत आणता येत नाही. बसलेला लेप मात्र कष्टाने का होईना, उतरवता येतो. शिवाय भिंत कशी होती, कोठे काय होते याची नोंद याझदानींनी चार भागांत करून ठेवली आहे. पुढच्या जाणकारांना ती पाहून काम करता येते. उपाय चुकू शकतो, पण नोंद असेल तर चूक दुरुस्त करायला वाट राहते. याझदानींच्या कामातून आज घेण्यासारखा सर्वांत मोठा धडा बहुधा हाच आहे.

आणि ती दुरुस्ती सुरूही झाली. संस्थान विलीन झाल्यावर अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आला. १९८३ साली अजिंठा आणि वेरूळ ही भारतातील पहिल्या चार जागतिक वारसा स्थळांत गणली गेली. जपानने १९९२ मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये दिलेल्या कर्जातून या परिसराच्या जतनाची आणि सोयींची मोठी योजना झाली. ज्या देशाच्या नकला भूकंपात गेल्या, तो मूळ चित्रांसाठी पुढे आला. १९९९ पासून पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांनी दहाव्या लेण्यासारख्या जुन्या भिंतींवरची लाख आणि काजळी बोटभर बोटभर जागेने उतरवायला घेतली, आणि तिच्याखालून शतकानुशतके न दिसलेले चेहरे वर येऊ लागले. आता अशा कामात पहिला नियम असा की जे लावायचे ते पुढे काढता आले पाहिजे. हा नियम जगाने अजिंठ्यासारख्या ठिकाणी ठेच खाऊनच शिकला.

मॉरिशसमधल्या आपल्या शताब्दी स्मरणिकेत या माणसाची आठवण का करावी, याचे उत्तर पोर्ट लुईच्या बंदरावर आहे. ज्या पायऱ्या चढून आपले करारबद्ध पूर्वज या बेटावर आले, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा झाला. ज्या यादीत अजिंठ्याच्या राजेशाही लेण्याचे नाव आहे, त्याच यादीत ऊसमजुरांच्या छावणीचे नाव आले. त्या पायऱ्यांवर कोणी चित्रे काढली नाहीत, कोणी राजाने शिलालेख कोरला नाही. आपल्या माणसांचा शिलालेख म्हणजे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या नोंदवह्या. नाव, गाव, जहाज, क्रमांक. घाटाचा दगड आणि वहीचा कागद, दोन्ही ओल धरतात, दोन्हींना वाळवी लागते.

ती जपायला भारताची, युनेस्कोची, दूरदेशीच्या तज्ज्ञांची मदत लागेल आणि ती घ्यावी. घेण्यात कमीपणा नाही, हे याझदानींनी शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले. मात्र पाहुणे दोन हंगामांत परत जातात. नंतर रोज पाहणारे, झिरपणारे पाणी वेळीच ओळखणारे, काय केले याची नोंद ठेवणारे माणूस घरचेच हवे. घरचे म्हणजे रक्ताचेच असले पाहिजे असे नाही. दिल्लीत जन्मलेल्या, फारसी शिकलेल्या एका माणसाने मराठी डोंगरातल्या बौद्ध भिंती ४० हून अधिक वर्षे आपल्या मानल्या. आपल्या भिंती आपल्या मानणे आपल्याला त्याहून अवघड का जावे?